जनानखान्यावर ॲनिमेशनपट करताना: आधी दारं काढा, मग चेहरे

मुघल जनानखाना पडद्यावर आला की चित्र ठरलेलं असतं. संगमरवरी हौद, हुक्क्याचा धूर, लोडाला टेकून पहुडलेल्या बायका. हे चित्र मोडायचं असेल तर चेहरे आणि दागिने काढण्याआधी तिथला कारभार समजून घ्यावा लागतो. 'आईन-ए-अकबरी' या अकबराच्या कारभारावरच्या ग्रंथात त्याचा दरबारी इतिहासकार अबुल फजल लिहितो की अकबराच्या जनानखान्यात पाच हजारांवर स्त्रिया होत्या, प्रत्येकीला वेगळी जागा होती, त्यांचे विभाग पाडले होते, प्रत्येक विभागावर स्त्री दारोगा होती आणि लिहिण्याच्या कामावरही बाईच होती. या आकड्यात राण्या, आत्या-मावश्या, दाया, दासी, पहारेकरणी सगळ्या आल्या. म्हणजे हे एक भलंमोठं चालतं घर होतं, आणि घराच्या पोटात कचेरी.

पुढची पद्धत पाच मिनिटांच्या, हाताने रेखाटलेल्या द्विमितीय लघुपटासाठी आहे. कृता, ओपनटूंझ किंवा ब्लेंडरमधली ग्रीस पेन्सिल यांतलं कोणतंही सॉफ्टवेअर चालेल. उदाहरणं सगळी एकाच वर्षातली घेतली आहेत: 1582, फत्तेपूर सिक्री, अकबराची आग्र्याजवळची राजधानी. गुलबदन बेगम आणि तिच्याबरोबरच्या स्त्रिया 1575 मध्ये हजला निघाल्या आणि 1582 मध्ये परतल्या, तो प्रसंग. गुलबदन ही बाबराची मुलगी, अकबराची आत्या. परतली तेव्हा साठीच्या घरात होती. तिच्याबरोबर अकबराची पत्नी सलीमा सुलतान बेगमही होती. राजवाड्यातल्या बायकांवरच्या चित्रपटात नायिका विशीचीच हवी हा हट्ट सोडायला याहून चांगला प्रसंग नाही.

एकच वर्ष धरा

"मुघल काळ" नावाचं काही काढता येत नाही. बाबर 1526 ला आला, दिल्लीचा लाल किल्ला 1648 ला पुरा झाला. या सव्वाशे वर्षांत टोप्या, कपडे, दगड, वास सगळं बदललं. म्हणून पहिल्या दिवशी एका कागदावर साल आणि जागा लिहा, खाली दोन रकाने करा: "आहे" आणि "अजून नाही". दुसरा रकाना जास्त कामाचा.

1582 च्या सिक्रीसाठी "अजून नाही" असा भरेल: हुक्का नाही, तंबाखू अकबराच्या दरबारात 1604 च्या सुमारास पोचला, तोही आपल्या विजापूरहून, अकबराचा वकील असद बेग याच्याबरोबर. गुलाबाचं अत्तर नाही. गुलाबपाणी तापवताना वर येणारा तवंग नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने वेगळा काढला तो जहांगीराच्या काळात. शीशमहाल नाही, रंगीत खड्यांचं जडावकाम केलेल्या पांढऱ्या भिंती नाहीत. तो सगळा पुढच्या पिढ्यांचा थाट. ताटात मिरची, टोमॅटो, बटाटा नाही. 'आईन'मधल्या पाककृतींत मिरचीचं नाव नाही, तिखटपणा मिऱ्यांचा. सिक्रीत बर्फही नको, कारण डोंगरातलं बर्फ यायला लागलं ते 1586 नंतर, दरबार लाहोरला असताना. पाणी गार करायचं ते सोऱ्याने: सोरा कालवलेल्या पाण्यात तोंड बांधलेली सुरई गोलगोल फिरवत राहायची. हे काम करणारी दासी पडद्यावर फार सुंदर दिसते. गोल फिरणारी हालचाल आहे, पुन्हा पुन्हा फिरणारं आठ चित्रांचं आवर्तन पुरतं, आणि उन्हाळा सांगायला वेगळा संवाद लागत नाही.

दारांचा नकाशा

पात्रांआधी नकाशा काढा. 'आईन'मध्ये पहाऱ्याची रचना आतून बाहेर अशी दिली आहे: आत जागरूक, विश्वासातल्या स्त्रिया, त्यातल्या सगळ्यात भरवशाच्या बादशहाच्या दालनांभोवती, दरवाजाबाहेर ख्वाजासरा (खोजे), त्यांच्यापासून ठरावीक अंतरावर राजपूत, त्यांच्या पलीकडे देवडीवरचे द्वारपाल, आणि चारी बाजूंना उमराव, अहदी (बादशहाचे खास शिपाई) व इतर फौजेच्या चौक्या. बाहेरच्या कुणा बेगमेला किंवा उमरावाच्या बायकोला भेटायला यायचं असलं तर आधी निरोप आत जायचा, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं.

कागदावर पाच कडी काढा आणि प्रत्येक पात्रासमोर लिहा: ही कोणत्या कड्यापर्यंत जाऊ शकते? तुमचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटगणिक चित्रांचा आराखडा, या एका प्रश्नाने निम्मा सुटतो. परत आलेली गुलबदन पाचही कडी ओलांडत आत येते. तिची बातमी मात्र तिच्या आधी आत पोचते, कारण निरोप्यांना फक्त आपापलं कडं ओलांडावं लागतं. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, शेवटी सुरई फिरवणाऱ्या दासीच्या कानात. पाच शॉट, पाच वेगवेगळे चेहरे, आणि राजवाडा कसा चालतो ते प्रेक्षकाला न सांगता कळलं.

सिक्रीत ज्या वास्तूला आज जोधाबाईचा महाल म्हणतात (नाव मागाहून पडलेलं आहे) ती याच विचाराने बांधली आहे. चारी बाजूंनी बंद, मधे मोकळं अंगण, पूर्वेला एकच राखलेला दरवाजा, आणि त्यातून सरळ आत नजर जाऊ नये म्हणून वाटेत वळण. हे वळण लेआउटमध्ये, म्हणजे शॉटच्या मांडणीत, जपा. कॅमेरा दरवाजातून थेट अंगणात घुसला की सगळी वास्तूच खोटी पडते. बाहेरच्या माणसाच्या नजरेतून घेतलेला शॉट वळणाच्या भिंतीवर थांबला पाहिजे.

क्षितिजरेषा कुठे धरायची? लोक गालिच्यावर बसतात, खुर्च्या नाहीत. मांडी घातलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 75 सेंटिमीटरवर येतात. आतल्या प्रसंगांत कॅमेरा तिथेच ठेवा. दोन फायदे होतात. बसलेल्या बायकांचे चेहरे एका रेषेत राहतात, आणि कुणी उभं राहिलं की ती व्यक्ती आपोआप मोठी, थोडी परकी दिसते. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून बसलेल्या बायका काढल्या की पडदाभर डोक्याचे माथे आणि गालिचाच दिसतो. नवख्यांच्या लेआउटमधली ही नेहमीची चूक आहे.

मान, बसणं, वाकणं

गुलबदनने 1587 च्या सुमारास 'हुमायूननामा' लिहिला. त्यात मेजवानीला कोण उजवीकडे बसलं, कोण डावीकडे, याच्या याद्या आहेत. ज्या घरात बसण्याच्या जागा इतक्या लक्षात राहतात तिथे जागा म्हणजेच दर्जा. म्हणून प्रत्येक समूहदृश्याचा वरून पाहिलेला आराखडा करा: मसनद (मानाची बैठक) कुठे, थोरली आत्या कुठे, मुलाची आई कुठे, दाई कुठे. वय आणि नातं बऱ्याचदा सौंदर्याच्या वर जातं. बादशहाची आई हमीदा बानू, किताब मरियम मकानी, हिच्यापुढे सगळे वाकतात. जहांगीराने तर आपल्या आठवणींत आईपुढे कुर्निसात आणि तस्लीम केल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे.

हे दोन्ही नमस्कार वेगळे आहेत आणि ॲनिमेशनमध्ये त्यांची सरमिसळ होते. कुर्निसात म्हणजे उजव्या हाताचा तळवा कपाळाला लावून मान खाली. तस्लीम म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, हळूहळू उठत सरळ उभं राहायचं आणि मग तळवा डोक्याच्या माथ्यावर ठेवायचा. तस्लीमेला 24 फ्रेमच्या सेकंदात साधारण असा वेळ द्या: खाली जायला 18 फ्रेम, जमिनीवर 8 फ्रेम थांबा, वर यायला 32, माथ्यावर हात 12. एकूण 70, म्हणजे तीन सेकंदांना दोन फ्रेम कमी. वर येणं खाली जाण्याहून हळू हवं; उलटं केलं की आदर जाऊन कवायत दिसते. साठीतल्या बाईला वर यायला 44 फ्रेम द्या, आणि उठताना डावा हात गुडघ्यावर टेकू द्या. तरुण दासीने तोच नमस्कार घाईत, 40 फ्रेमांत उरकला तर तिचं मन दुसरीकडे आहे हे संवादाविना कळतं.

कपडे: इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो

अकबराच्या काळातल्या चित्रांत दोन तऱ्हा शेजारी शेजारी दिसतात. तैमुरी, म्हणजे मुघलांच्याच, घराण्यातल्या स्त्रिया लांब, पुढून उघडे अंगरखे आणि उंच, वर निमुळती होत जाणारी मध्य आशियाई चगताई टोपी घालतात; टोपीवरून पातळ ओढणी मागे सोडलेली असते. हिंदुस्थानी तऱ्हा म्हणजे आखूड चोळी, घागरा, पारदर्शक ओढणी आणि दंडा-मनगटांवर काळे गोंडे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या 'अकबरनाम्या'च्या चित्रांत, विशेषतः राजपुत्राच्या जन्माच्या प्रसंगात, अशा टोप्या नीट पाहायला मिळतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्रं मोठी करून पाहा. एक लक्षात असू द्या: दरबारी चितारी पुरुषांना जनानखान्यातले चेहरे सहसा पाहायला मिळत नसत, म्हणून चित्रांतले बायकांचे चेहरे साच्यातले आहेत. कपडे, भांडी, बसण्याची ढब तिथून घ्या. चेहरे तुमचे तुम्ही घडवा.

दोन्ही तऱ्हा वापरल्या की बाह्याकृतीवरूनच पात्रं ओळखू येतात. नमुना-पत्रकावर, म्हणजे पात्रांची ठरलेली रूपं दाखवणाऱ्या कागदावर, सगळी पात्रं नुसत्या काळ्या आकारात शेजारी शेजारी काढा. टोपी, ओढणीचा उतार आणि घागऱ्याचा घेर यांवरून कोण कोण ते सांगता आलं नाही, तर रंग भरून काही सुधारणार नाही.

टोपी ताठ असते. ती कवटीच्या अक्षाला घट्ट बांधलेली धरा. मान दहा अंश कलली तर टोपीचं टोकही दहा अंशच कलतं, पण ते उंच असल्याने पडद्यावर बरंच सरकतं. डोळ्याच्या अंदाजाने काढत गेलं की ती लोकरी कानटोपीसारखी वाकायला लागते. उपाय सोपा आहे: हनुवटीपासून टोपीच्या टोकापर्यंत एक मधली रेषा प्रत्येक की-चित्रावर, म्हणजे हालचालीच्या मुख्य चित्रावर, आधी काढा. टोपीवरची ओढणी मात्र मागे रेंगाळते, मानेच्या तीन चित्रं मागे.

आता मलमल. बंगालच्या मलमलीची नावंच सांगतात ती काय होती: आब-ए-रवाँ, वाहतं पाणी, शबनम, दव. पडद्यावर ती बिघडण्याचं कारण एकच असतं: अख्खी ओढणी एका लेअरवर, एकाच पारदर्शकतेने भरलेली. मग ती प्लास्टिकच्या कागदासारखी दिसते. खऱ्या मलमलीत जिथे घडी पडते तिथे कापडाचे दोन पदर होतात, चुणीत तीन होतात, आणि तेवढाच भाग दाट दिसतो. एका पदराचा दाटपणा 25 टक्के धरा. दोन पदरांचा 50 होत नाही, 44 होतो. तीन पदरांचा 58. कारण दुसरा पदर उरलेल्या 75 टक्क्यांचा पाव भाग झाकतो, पुढचा त्यातून उरलेल्याचा. म्हणून घड्यांचे आकार वेगळ्या लेअरवर, त्याच 25 टक्क्यांनी भरा आणि बेरीज सॉफ्टवेअरला करू द्या. काठ मात्र दाट हवा: जरीची किनार 90 टक्के, दोन ते तीन पिक्सेल. डोळा किनारीवरून कापड वाचतो. किनार नीट चालली तर मधल्या पदरात अर्ध्या घड्या गाळल्या तरी चालतात.

हालचालीचा हिशेब असा ठेवा. ओढणी खांद्यावर शरीराबरोबरच हलते, कोपराजवळ दोन चित्रं मागे, टोकाला चार चित्रं मागे. चालणारी बाई थांबली की टोक आणखी पाच-सहा चित्रं पुढे जाऊन सावकाश खाली बसतं. जड घागऱ्याचं उलट: घेर कमरेच्या दोन चित्रं मागे येतो, एकदा पुढे झुलतो आणि थांबतो. किनारीच्या वजनाने तो दुसऱ्यांदा झुलत नाही. दोन्ही कापडांना एकच वेळ दिलीत तर रेशीम, सूत, जरी सगळं एकाच जातीचं वाटेल.

दागिन्यांची नावं 'आईन'मध्ये भरपूर आहेत: शीशफूल, कर्णफूल, बाली, चंपाकली, बेसर, लौंग, नथ, गुलुबंद, हार, कंगन, बाजू, घुंगरू, बिछवा. सगळे एकीवर चढवू नका. प्रत्येक पात्राला जास्तीत जास्त चार द्या आणि मोत्यांची संख्या पत्रकावर आकड्याने लिहा. जवळच्या शॉटमध्ये दिसणाऱ्या माळेत पंधरा मोती ठरले तर पंधराच. संख्या चित्रागणिक बदलली की माळ उकळल्यासारखी थरथरते आणि चेहऱ्यावरून नजर उडते. मध्यम अंतरावर माळ म्हणजे दोन बारीक रेषा आणि चमकेचे चार ठिपके. लांबून एकच रेषा. काळे गोंडे जवळून हलवा, लांबून मुळीच नाही.

दगड, ऊन, जाळी

आजची सिक्री उघडी, लाल आणि रिकामी आहे. तशीच काढली तर तो अवशेषांचा माहितीपट होतो. राहत्या वाड्यात गालिचे, लोड, तक्के, पडदे, चिका, कनाती असणार. काही दालनांच्या भिंतींवर चित्रं आणि सोनेरी काम होतं, त्याच्या खुणा अजून दिसतात. जोधाबाई महालाच्या छपरावर निळ्या लकाकीच्या कौलांचा पट्टा आहे. लाल दगडाच्या राशीत हा एकच थंड रंग, तो उधळू नका. घरी परत आलेल्या बाईला लांबून पहिल्यांदा तो निळा दिसावा.

वालुकाश्म भरताना एकच नारिंगी ओतू नका. दगडात फिकट ठिपके आणि पट्टे असतात. सावलीतला दगड जांभळटाकडे झुकतो, आणि अंगणातल्या उन्हाचा उजेड खालून वर छतावर पडतो. तो खालून आलेला गरम उजेड काढला की सावली जिवंत होते.

उन्हाचा कोन गणिताने येतो. सिक्री साधारण 27 अंश उत्तरेला आहे. जूनच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून 86 अंशांवर, डिसेंबरमध्ये 39 ते 40 अंशांवर, 21 मार्चच्या सुमारास 63 अंशांवर. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर एक मीटर पुढे आलेलं छज्जं असेल तर डिसेंबरच्या दुपारी त्याची सावली जेमतेम 80 सेंटिमीटर खाली येते आणि बाकी भिंत उन्हात न्हाते. 21 मार्चच्या सुमारास ती जवळजवळ दोन मीटर येते. जूनमध्ये सगळी भिंत सावलीत. ऋतू सांगायला एवढी एक रेषा पुरते. बहुतेक पार्श्वभूमींत ती 45 अंशांवर ठोकून दिलेली असते, मग उन्हाळ्यातल्या दुपारी वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडणाऱ्या बायका हिवाळ्याच्या उन्हात उभ्या राहतात.

पंचमहालाचे खांब मोजून काढा: पाच मजले, एकूण 176 खांब, तळमजल्यावर 84, सगळ्यात वर चार खांबांची छत्री. पुढची रांग एका लेअरवर, मागचे खांब दुसऱ्यावर, सगळ्यात मागचे एकत्र तिसऱ्यावर. सरकत्या कॅमेऱ्यात तीन लेअर पुरतात.

जाळी दोन ठिकाणी दगा देते. पहिलं, ती फार बारीक काढली की अंतिम आकारात लहरी उठतात. 1920 पिक्सेल रुंदीच्या चौकटीत छिद्र किमान दहा पिक्सेल आणि दगडी दांडी किमान चार पिक्सेल ठेवा. त्याहून लांबची जाळी नक्षी म्हणून काढूच नका, धूसर पोत म्हणून रंगवा. दुसरं, सरकता कॅमेरा. नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते, समजा दर 24 पिक्सेलला. एका फ्रेममध्ये कॅमेरा 12 पिक्सेल सरकला तर डोळ्याला नक्षी पुढे चालली की मागे तेच कळत नाही, आणि जाळी लुकलुकते. आवर्तनाच्या पाव भागाहून जास्त सरकू नका: इथे फ्रेमला सहा पिक्सेल. म्हणजे जाळीने पडदाभर सरकायला 320 फ्रेम, तेरा सेकंदांहून थोडं जास्त. ते लांबत असेल तर कॅमेरा स्थिर ठेवा आणि जाळीमागून बाईला चालू द्या. तेच बहुतेक वेळा सरस दिसतं.

जाळीचा खरा उपयोग मात्र उजेडाचा आहे. दिवसा आत अंधार, बाहेर ऊन: आतल्या बाईला अंगणातलं सगळं दिसतं, अंगणातल्या माणसाला काळी छिद्रं दिसतात. रात्री आत दिवा लागला की उलटं होतं. बाहेरून आतल्या आकृती दिसतात आणि आतून बाहेर काळोख. म्हणून दिवेलागणीला जाळीवर पडदा सोडणारी दासी हा नुसता वेळ दाखवणारा शॉट नाही. कोण कुणाला पाहू शकतं हे त्या क्षणी फिरतं. तुमच्या कथेत कुणी लपून पाहत असेल तर तो प्रसंग या वेळेला बांधा.

रात्र आणि दिवे

'आईन'मध्ये दिव्यांचा हिशेब इतका काटेकोर आहे की प्रकाशयोजनेचा तक्ता तयारच मिळतो. चांद्र महिन्याच्या पहिल्या तीन रात्री आठ फतीले, म्हणजे जाड वाती. चौथ्या रात्रीपासून रोज एक कमी, दहाव्या रात्री एकच. पंधरावीपर्यंत तेवढाच, कारण चांदणं पुरतं. सोळाव्या ते एकोणिसाव्या रात्रीपर्यंत रोज एक वाढतो, विसाव्याला तोच आकडा, एकविसाव्या-बाविसाव्याला पुन्हा एकेक, तेविसाव्याला तितकेच आणि चोविसाव्यापासून महिनाअखेर आठ. एका फतील्याला एक शेर तेल आणि अर्धा शेर कापूस. म्हणजे ही देवघरातली समई नाही, चांगली दांडगी ज्योत आहे.

रात्रीच्या प्रत्येक प्रसंगावर आधी चांद्र रात्र लिहा. बारावी असेल तर एक ज्योत आणि अंगणभर निळसर चांदणं. सत्ताविसावी असेल तर आठ ज्योती आणि त्यांच्या कडेला गडद काळोख. ज्योतीचा उजेड एकसारख्या तालात कमी-जास्त केला तर वाहनाच्या इंडिकेटरसारखा दिसतो. एक उजेड 2, मग 5, मग 3, मग 2, मग 7 फ्रेम असा धरा, आणि फरक पाच-सात टक्क्यांहून जास्त नको. आठ ज्योती असल्या तर लुकलुक जवळजवळ बंद करा. एकीची कमी दुसरी भरून काढते. ज्योत खाली असते म्हणून चेहऱ्यावर सावली वरच्या दिशेला पडते, भुवया काळ्या होतात आणि चेहरा भेसूर वाटतो. ज्योत उंच दिवटीवर, बसलेल्या डोळ्यांच्या किंचित वर ठेवा.

चित्रांचा हिशेब

पाच मिनिटं म्हणजे 7200 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 3600 चित्रं. मलमलीचे पदर आणि दागिने धरून एका माणसाच्या हातून दिवसाला आठ-दहा चित्रं स्वच्छ होतात; म्हणजे एकट्याला वर्षाहून जास्त. काटछाट स्टोरीबोर्डातच करा. पडद्यावरचा साधारण चाळीस टक्के वेळ शरीर स्थिर आणि एकच गोष्ट हलती अशी ठेवा: सुरई, ज्योत, जपमाळेवरची बोटं, लेखणी. या घरात माणसं वाट पाहतात, निरोपाची, परवानगीची, परतणाऱ्यांची. त्यामुळे स्थिर शरीरं काटकसर वाटत नाहीत. वाचलेली चित्रं तस्लीमेवर आणि दोन म्हाताऱ्या बायकांच्या मिठीवर खर्च करा.

कॅमेरा सरकत असताना चालणारं पात्र दोन-दोन फ्रेमांवर आणि पार्श्वभूमी एकेका फ्रेमवर हलली तर पाय घसरतात. चित्र दोन फ्रेम धरलं तरी पात्राची जागा मात्र पार्श्वभूमीबरोबर दर फ्रेमला सरकवा.

गर्दी भरताना प्रत्येकीच्या हाताला काम द्या. हिशेब लिहिणारी, तबकं मोजणारी, पाळणा हलवणारी, अर्ज घेऊन थांबलेली. 'आईन'मध्ये पगार दिले आहेत: वरच्या दर्जाच्या स्त्रियांना महिना 1610 ते 1028 रुपये, सेवेतल्यांना 51 ते 20 किंवा 40 ते 2. दोन रुपयांवरची आणि हजारांवरची बाई एकाच चौकटीत आली की उभं राहण्यात, जोड्यांत, कापडात ते दिसायला हवं. आणि तीच तीच सुंदर तरुणी बारा वेळा चिकटवू नका. चार वयं, चार देहयष्टी, चार कातडीचे रंग एवढं तरी ठेवा.

बोलणं आणि आवाज

घरात फारसी, चगताई तुर्की आणि हिंदवी कानावर पडत असे. मराठीत संवाद लिहिताना सिनेमातली उर्दू उसनी घ्यायची गरज नाही. अर्ज, हुकूम, खबर, रवाना, तैनात, पेशकश, कुर्निसात हे शब्द आपल्या बखरींत आणि बोलण्यात मुरलेले आहेत. तेवढ्यावर दरबार उभा राहतो. मान संबोधनातून दाखवा. गुलबदन आपल्याला वाढवणाऱ्या माहम बेगमला 'आकाम' म्हणते आणि आत्या खानजादा बेगमला 'आका जानम'. ही नावं जशीच्या तशी वापरा, अर्थ प्रसंगातून कळतो. तिच्या तोंडी वडीलधाऱ्यांसाठी अहो-जाहो, अकबरासाठी चारचौघांत अहो आणि एकांतात अरे असं ठेवलंत तर चौकटीत कोण कोण आहे हे ऐकणाऱ्यालाही कळेल.

ओठांसाठी सात आकार पुरतात: मिटलेले (प, ब, म), आ, अ, इ-ए, उ-ओ, दातांवरचा व, आणि जिभेचा ल. मिटलेले ओठ आवाजाच्या दोन फ्रेम आधी लावा; तिथे चूक झाली की बाकी सगळं बरोबर असूनही बोलणं चिकटवल्यासारखं वाटतं.

पार्श्वसंगीत सरसकट पसरू नका. दिवस घटकांनी मोजला जायचा, घटका 24 मिनिटांची, आणि घटकेचे टोल सगळ्या वाड्याला ऐकू जायचे. टोल पाचही कड्यांत ऐकवा, पण वेगवेगळा: देवडीवर जवळून आणि कोरडा, वळणाच्या भिंतीपलीकडे बोथट, अंगणात घुमणारा, आणि आतल्या दालनात पडद्यांमागे इतका हलका की हमीदा बानूच्या हातातली माळ तेवढी थांबते.